नव्या सिन्नरचा फेडकाळ

मंगळावरच्या नव्या सिन्नर वसाहतीत त्या दुपारी पुन्हा गूळ वाटला गेला. तिथली रीतच होती. वीज बनवणारा प्रत्येक सूर्यपट स्वतःला घडवायला लागलेली ऊर्जा दोन वर्षांत परत देई, आणि ज्या दिवशी तो फिटे त्या दिवशी भोजनगृहात सगळ्यांना गुळाचा खडा मिळे. पृथ्वीवरून आणलेला गूळ तो, नाही कोण म्हणणार? गंमत एवढीच, की गूळ वाढत होता आणि दिवे कमी होत होते. रुग्णालयातली ऊबसुद्धा आता दिवसाआड मिळू लागली होती.

ऊर्जातज्ज्ञ शरयू रणपिसेने आपला खडा तोंडात न टाकता वसाहतप्रमुख डॉ. खांबेट्यांच्या टेबलावर ठेवला. तिला हा तिढा लवकर सोडवायचा होता, आणि त्यात तिचा स्वार्थ होता. तिचा नवरा श्रीपाद पंधरा दिवसांनी नव्वद नव्या माणसांच्या तुकडीतून पृथ्वीवरून निघणार होता. वसाहत अशीच अंधारत राहिली तर ते यान निघणार नव्हतं, आणि इथून परत जाणारं यान तर नव्हतंच.

"सर, एकेक सूर्यपट प्रामाणिक आहे. चूक आपल्या घाईची आहे."

"म्हणजे?"

"शंभर सूर्यपट वर्षाला शंभर मापं वीज देतात. एक नवा घडवायला दोन मापं लागतात. आपण दरवर्षी संख्या दुप्पट करतो. नवे शंभर, खर्च दोनशे. वरची शंभर मापं कुठून येतात?"

"अणुभट्टीतून. दिव्यांच्या विजेतून."

"पुढच्या वर्षी तिथून दोनशे लागतील, मग चारशे. फेडकाळ दोन वर्षांचा, तर वाढ वर्षाला निम्म्याहून कमी हवी. नाहीतर एकेक जण फिटतो आणि सगळे मिळून बुडतात. आपण गूळ खात बसलो, बेरीज कोणी केलीच नाही."

खांबेटे हेकट खरे, पण गणितापुढे मान तुकवणारे. त्यांनी तिथल्या तिथे सूर्यपटांचा कारखाना थांबवला. आठवड्याभरात रुग्णालय उबदार झालं आणि शरयूने श्रीपादला आनंदाने कळवलं, "ये आता. दिवे लागलेत."

दुसऱ्याच दिवशी खांबेट्यांनी तिला बोलावलं. "शरयू, माणसांचंही असंच असणार ना? नवा आला की हवा, पाणी, शिक्षण. आपल्या कामातून तो किती वर्षांत फिटतो?"

शरयूने कागद पुढे ओढला. सव्वीस महिन्यांतून एकदा यान येई आणि दर खेपेला वसाहत माणसंही दुप्पट करत होती. तिने "दोन वर्षं" लिहिलं असतं तर यान सुटलं असतं. तपासणारं दुसरं कोणी नव्हतं. दिवसभर ती आकड्यांशी भांडली. उत्तर दरवेळी चार वर्षंच आलं. मागच्या खेपेची माणसंच अजून फिटली नव्हती. वसाहतीतल्या नव्वदांवर आणखी नव्वद आली असती, तर हवा एकशे ऐंशी जणांना पुरली नसती, आणि त्यात श्रीपादही असता. तिने चार लिहिलं आणि सही केली. ही खेप रद्द झाली, आणि पुढची निघेपर्यंतही मागची माणसं फिटणार नव्हती म्हणून पुढचीही.

"यान रद्द झालंय. माझ्याच गणितामुळे," तिने श्रीपादला निरोप धाडला. "त्यानंतरच्या खेपेला ये. मी वाट बघते."

निरोप पोचायला बारा मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी बारा. तेवढा वेळ ती पडद्यासमोर बसून रडली.

मग श्रीपाद दिसला, डोक्यावरचे उरलेसुरले केस चापून बसवलेला.

"शरू, तुझं गणित बरोबरच असणार. मी फक्त पुढचं केलं. आज मी बावन्न. चार वर्षं चार महिने थांबायचं, वर प्रवासाचे सात महिने. पोचेन तेव्हा सत्तावन्न. तुमच्याकडे साठीला काम थांबतं." तो कसनुसा हसला. "फिटायला चार वर्षं, हातात तीन. मला कोण घेईल गं?"

शरयूने त्याची बेरीज दोनदा करून पाहिली. त्यात एकही चूक नव्हती.