आधी पेन्सिल, मग पेन

भर चौकात माझी स्कूटी घसरली आणि नव्याकोऱ्या पेन्सिलींचा खोका रस्ताभर सांडला. रिक्षावाले हॉर्न मारत होते, मी गुडघा चोळत होते... आणि एक मुलगा हात दाखवून टेम्पो थांबवत, सांडलेले तांदूळ वेचावेत तशा पेन्सिली वेचत होता.

"घ्या मॅडम. एक बी चाकाखाली गेली नाय."

"एक तुमच्या कानावर आहे," मी म्हणाले.

तो असा काही लाजला की मी दुखरा गुडघाच विसरले! "राहू द्या ती," म्हणून निघाले. संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या विहारात इंग्रजीचा वर्ग सुरू केला, तर पहिल्याच रांगेत तो. पेन्सिल कानावर!

त्याचं नाव यादव. आडनाव नव्हे, नाव – हे त्यानं मला दोनदा सांगितलं. श्रावणात पेठ तालुक्यात डोंगर खचला, त्यात त्याचा पाडा गेला. माणसं वाचली, घरं नाही. आता सगळे कॉलनीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. तिथल्या पोरापोरींना शहरात नोकरी मिळावी म्हणून मी त्यांना इंग्रजी बोलायला आणि फॉर्म भरायला शिकवत होते. माझा नियम एकच : आधी पेन्सिल, मग पेन. चुकलं तर खोडता आलं पाहिजे.

पहिल्याच फॉर्मवर एक रकाना होता. संकटात कोणाला कळवायचं? नाव, फोन, नातं. सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या. यादवनं तर तो कोराच ठेवला.

"आईकडं फोन नाय," तो हळूच म्हणाला. "बाकीचे समदे हितंच. आमच्यावर येतं ते समद्यांवर एकदमच येतं. मंग कळवायचं कोनाला?"

"माझा नंबर लिहा," मी बोलून गेले. "सरावापुरता."

त्यानं लिहिला. नात्यापुढे 'टीचर' लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी वर्गाआधी, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला फोन!

"हॅलो टीचर. धिस इज यादव. नो इमर्जन्सी."

"मग फोन कशाला?"

"मराठी नॉट अलाउड, टीचर!"

हसून हसून माझं पोट दुखलं. मग रोज सहाला फोन. पाचपासूनच माझा जीव घड्याळात. आई म्हणायची, "शिकतोय तो, मग गाल तुझे का ग लाल होतात?"

दिवाळी झाली आणि त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात त्याची मुलाखत ठरली. शुक्रवारी. नाही जमलं तर सोमवारी मुकादमाची गाडी येणार होती. थेट गुजरात, ऊसतोड, सहा महिने... मला तर धड जेवण जाईना.

शुक्रवारी वर्गाचा शेवटचा दिवस, म्हणून वर्ग पाचलाच भरवला. मी फळ्यावर काय लिहीत होते कोण जाणे. सहा वाजले. फोन नाही. सव्वासहा... आणि दारात तोच उभा! उसना इस्त्रीचा शर्ट, धाप लागलेली, हातात फॉर्म.

"झालं?" मी ओरडलेच.

"झालं! सोमवारी जॉइन!"

टाळ्या, शिट्ट्या, एकच कल्ला. सगळे त्याच्या आईला, भागीबाईंना सांगायला शेडकडे पळाले. मागे आम्ही दोघंच राहिलो.

"येकच रकाना राहिला, मॅडम."

मी पाहिलं. संकटात कोणाला कळवायचं : माझं नाव, माझा नंबर. नात्यापुढे कोरं.

"टीचर लिहा की."

"वर्ग संपला आज. खोटं कसं लिवू?" त्यानं फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "मॅडम... तुमी मला लय आवडता. नाय म्हनाला तरी चालंल. पन ऊसतोडीला गेलो असतो तर हे तोंडातच राहिलं असतं."

माझं काळीज नुसतं धडधडत होतं – आणि किती आनंदानं!

"यादव, रविवारी घरी ये," मी म्हणाले. त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "तू मला आवडतोस हे मला बाबांना सांगायचंय."

कानावरची पेन्सिल काढून त्यानं माझ्यापुढे धरली. "मंग तुमीच लिवा. आधी पेन्सिल..."

मी ती परत त्याच्या कानावर खोचली, पर्समधून पेन काढलं आणि कोऱ्या जागेत एक शब्द लिहिला.

"फियान्से..." त्यानं बोट ठेवून वाचलं. "ह्यो शब्द शिकवला नाय तुमी."

"होणारी बायको," मी म्हणाले.

त्याच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. ती वेचायचं आज त्याला सुचलंच नाही.