एकास दोनशे

मॉडेल हातात आलं की मी त्याच्या रंगाकडं बघत नाही. रंगाला भुलतं ते गिऱ्हाईक. मी विमान उलटं करतो आणि पंख पोटाला जिथं मिळतो त्या सांध्यावरून नख फिरवतो. नख अडकलं तर ओतताना साचा हलला होता, हे समजायचं. मग चाकं फिरवून बघायची, मग भिंग घेऊन खिडक्या मोजायच्या. रंग सगळ्यात शेवटी.

अडतीस वर्षं मी उद्यमनगरात एका फौंड्रीत काढली. आधी साच्यासाठी लाकडी पॅटर्न केले, नंतर तयार माल तपासला. नोकरी सुटली तरी डोळ्याची खोड सुटेना. कोल्हापुरात धातूची विमानं जमवणारे अकरा येडे आहेत. मॉडेल विकत घ्यायच्या आधी ते माझ्याकडं आणतात आणि मी शंभरपैकी गुण देऊन दोन पानी रिपोर्ट लिहितो. गुण देताना मी खोटं लिहीत नाही. बाकी वेळेला मी किती थापा मारतो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. रंकाळ्यातल्या माशाच्या पोटात आमच्या फौंड्रीचा हरवलेला मायक्रोमीटर सापडला, असं एकदा सांगितलं, तर तिघं जण गळ घेऊन गेले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं कुणी खरं मानणार नाही. माझा माझ्यापुरता इलाज संपलाय, म्हणून लिहितोय.

फेब्रुवारीत अनेकांत मगदूम एक खोकं घेऊन आला. शाहूपुरीत त्याचं बेअरिंगचं दुकान आहे. बरोबर त्याचे वडील बाबासो, माझ्याच वयाचे. बेळगावकडचा कुणी संग्राहक वारला होता आणि घरच्यांनी सगळी विमानं एकगठ्ठा काढून टाकली होती. त्यातलं हे एक. दोन पंख्यांचं प्रवासी विमान, उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरतं तसलं. प्रमाण एकास दोनशे. पांढरं अंग, निळा पट्टा, कंपनीचं नाव कुठंच नाही.

"काका, फुल मार्क पडत्यात बघा ह्याला," अनेकांत म्हणाला.

"तू तुझं बेअरिंग वीक. मार्क मी ठरवतो."

बाबासोंनी विमान तळहातावर घेतलं आणि एका खिडकीवर बोट ठेवलं. "बाळासो, मला हितं बसव. खिडकीची जागा पायजे बघ."

"बसवतो की. मधली जागा माझी," मी म्हणालो.

माझी बायको मीनाबाई चहा घेऊन आली. ती अजून विमानात बसलेली नाही. आमची लेक क्रांती हैदराबादला असते आणि दर दिवाळीला तिकीट काढते म्हणते. मी दरवेळी म्हणतो, पुढच्या महिन्यात जाऊ. घरावरून विमान गेलं की मीनाबाई हातातलं काम टाकून अंगणात येते. तिनं कप ठेवला आणि पदरानं बोट पुसून शेपटीजवळच्या खिडकीला लावलं. "मला मागं बसवा. दाराजवळ बरं असतंय."

"अगं, दार नुसतं कोरलंय. उघडत न्हाय ते," मी म्हणालो. रिपोर्टातही तसंच लिहिलं. दार म्हणजे फक्त रेघ, दोन गुण वजा.

दुसऱ्या दिवशी मापं घेतली. खरं विमान सत्तावीस मीटर सतरा सेंटिमीटर. भागिले दोनशे म्हणजे एकशे पस्तीस पूर्णांक पंच्याऐंशी मिलिमीटर. व्हर्निअरवर नेमकं तेवढंच आलं. मी पुसून पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. आता, तापलेला धातू थंड होताना आकसतो. किती आकसणार याचा अंदाज बांधण्यातच पॅटर्नवाल्याची हयात जाते, आणि तरी केसभर फरक राहतोच. ओतलेली वस्तू नेमकी येत नाही. हे आलं होतं. तेव्हा मला कौतुक वाटलं. भीती वाटायला हवी होती.

शेवटची परीक्षा वजनाची. ही मॉडेलं जस्ताची असतात, आणि जस्तात शिशाची भेसळ असली तर ते आतून कुजतं, फुगतं, तडकतं. कुजायला लागलं की वजन किंचित वाढतं. म्हणून मी आठवड्याच्या अंतरानं तीन वजनं घेतो. माझी भाची संघप्रिया आमच्या जुन्या फौंड्रीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. तिच्याकडं काचेच्या पेटीतला काटा आहे, ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवणारा.

पहिल्या सोमवारी वजन १८६.४१२०.

दुसऱ्या सोमवारी १८६.४२१२.

"नऊ मिलिग्रॅम वाढलं, मामा. हात लागला असंल घामाचा," संघप्रिया म्हणाली. स्पिरिटनं पुसून पुन्हा ठेवलं. तेवढंच. काट्याची प्रमाण वजनं ठेवून बघितली. काटा बरोबर होता. मी भिंग काढलं. कुजलं असतं तर कुठंतरी केसासारखा तडा दिसला असता. तडा नव्हता. फक्त डाव्या बाजूची एक खिडकी, जी गेल्या आठवड्यात काळी होती, ती फिकट झाली होती. आत कुणीतरी दिवा लावल्यागत. मी एक गुण कापला.

बुधवारी बाबासो मगदूम गेले. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा अनेकांत सुन्न होता. "काका, परवाच चेकअप केलंवतं. साखर नॉर्मल, बीपी नॉर्मल, वजन त्र्याहत्तर सहाशे. कायसुदिक नव्हतं वो. वर आणि बाबांच्या नव्या चपला बी गर्दीत कुणीतरी नेल्या."

घरी येताना डोक्यात आकडेमोड चालू झाली. ही पण खोडच. लांबी दोनशेपट लहान केली की वजन दोनशे गुणिले दोनशे गुणिले दोनशे, म्हणजे ऐंशी लाखपट लहान होतं. त्र्याहत्तर किलो सहाशे भागिले ऐंशी लाख.

नऊ पूर्णांक दोन मिलिग्रॅम.

बाबासोंनी बोट ठेवलेली खिडकी कुठली होती ते मला आठवत होतं. फिकट झालेली तीच होती.

मी विमान परत द्यायला गेलो. "ऱ्हाऊ दे काका तुमच्याकडंच," अनेकांत म्हणाला. "बाबांचा हात लागलाय त्याला. बघवत न्हाय मला." मग ते माझ्या कपाटावर, सागवानी फळीवर राहिलं.

आमच्याकडं आजऱ्याहून तानाबाई घनसाळ तांदूळ आणि काजू घेऊन यायची. तोंडानं तिखट. मार्चमध्ये आली, तर माझं लक्ष नसताना तिनं विमान हातात घेतलं. "काय वो मिस्त्री, म्हातारपणी खेळण्यं? आमास्नी कोण बसवतंय असल्यात! ही एक खिडकी माजी म्हणून ठेवा."

मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. ती हसली. "बाई गं, जसं काय खरंच उडतंय!"

सोमवारी १८६.४२७१. पाच पूर्णांक नऊ मिलिग्रॅम वाढले होते. पुढच्या खेपेला तानाबाईला मी आमच्या वजनकाट्यावर उभं केलं. तांदूळ मोजता, आता बाईला मोजा, असं म्हणत उभी राहिली. सत्तेचाळीस किलो दोनशे. मी तिला सांगितलं, तब्येत दाखवून घे, आजपासून घरातनं हलू नकोस. ती मीनाबाईला म्हणाली, "मिस्त्रीची नवी थाप ऐकली का?" दोघी हसल्या. अकराव्या दिवशी तिच्या सुनेचा फोन आला. आत्ती झोपेतच गेल्या. आणि फोन ठेवता ठेवता सुनेनं विचारलं, आत्तीच्या चपला तुमच्यात राहिल्यात का, कुठं गावंनात.

मी विमान रुमालात गुंडाळून फौंड्रीत नेलं. जस्त वितळायला साडेचारशे अंशही लागत नाहीत आणि आमच्या भट्टीत लोखंड पाणी होतं. भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलो. धग तोंडावर येत होती. टाकायच्या आधी सवयीनं भिंग लावलं.

दोन खिडक्या फिकट होत्या. आत बाबासो होते. आत तानाबाई होती.

मी विमान घेऊन परत आलो.

त्यानंतरच्या सोमवारी १८६.४३३९. सहा पूर्णांक आठ. चोपन्न किलो चारशे.

घरी येऊन काट्यावर उभा राहिलो. चोपन्न चारशे. जीव भांड्यात पडला. माझाच नंबर होता. मधली जागा माझी, म्हणालो होतो की मी. क्रांतीला फोन करून उगीच इकडचं तिकडचं बोललो. मग मीनाबाई भाजी घेऊन आली आणि म्हणाली, "काय सारखं काट्यावर नाचतासा? बघू माझं."

ती उभी राहिली. चोपन्न चारशे.

बेचाळीस वर्षं एका ताटातलं खाल्लं की असं होत असेल.

फिकट खिडकी बघून कळलं असतं, पण विमान नेमकं मधोमध आणि शेपटीकडं, दोन्हीकडं पुसटसं उजळलं होतं. धड इकडं नाही, धड तिकडं नाही. जसं त्याचंही ठरलं नव्हतं.

मी ठरवलं, ठरवायला आपण मदत करू. मीनाबाईला त्या आकड्यावरून हलवायचं आणि आपण तिथंच राहायचं. रोज सकाळी गंगावेशीतनं धारोष्ण दूध आणायला लागलो. लोणी डोसा, घनसाळचा भात तुपात भिजवून, पेढे, रविवारी मटण. "अहो, लग्नात बी एवढं खाऊ घातलं न्हवतंसा," ती म्हणायची. "काय लफडं हाय का? बोकडागत पोसताय मला." मी एक भाकरी जास्त नाही खाल्ली, की कमी नाही. रोज काट्यावर चोपन्न चारशे.

पुढचा सोमवार. ती छपन्न झाली होती. काट्यावर १८६.४३४१.

दोन दशांश मिलिग्रॅम. म्हणजे सहा पूर्णांक आठचे सात झाले, छपन्न किलो. संघप्रियाला त्यात काही दिसलं नाही. मी स्टुलावर बसलो.

त्यापुढचा सोमवार. ती अठ्ठावन्न चारशे. काट्यावर १८६.४३४४. सात पूर्णांक तीन.

"मामा, पाणी देऊ?" संघप्रियानं विचारलं.

भिंगाखाली मधली खिडकी पुन्हा काळी होती. शेपटीजवळची फिकट होती. मी तिला खाऊ घालत होतो आणि ती तिथं भरत होती.

ही परवाची गोष्ट.

काल दिवसभर त्या विमानासमोर बसलो. मधल्या खिडकीवर बोट ठेवून म्हणालो, ही माझी. मागच्या खिडकीवर ठेवूनही तेच म्हणालो. विनवून बघितलं, शिव्या देऊन बघितल्या. काही नाही. जन्मभर थापा मारल्या, आता खरं बोलतोय हे त्याला कसं कळणार?

मग सुचलं. थापाड्याला सुचणार ते थापच.

फौंड्रीतनं चार किलो लोखंडाचे तुकडे आणले. कोटाच्या दोन्ही खिशांत दोन-दोन. काट्यावर उभा राहिलो. अठ्ठावन्न चारशे, नेमकं. आता मोजायला जो कोणी येईल त्यानं फक्त आकडा बघावा, तोंड बघू नये. सगळ्या कोल्हापूरला गंडवलं, एवढं एक गंडावं.

सकाळपासून असाच बसलोय. कोट अंगात आहे. उन्हाळ्याचा घाम पाठीवरून चाललाय.

मघाशी मीनाबाई कपाट पुसायला आली. "अहो, ह्याचं दार उघडलंया की. तुम्ही तर म्हणालतासा उघडत न्हाय. धूळ जाईल आत, लावू?"

"हात लावू नगंस."

"बरं बाई," म्हणून ती गेली.

दार खरंच उघडं होतं. मागचं, डावीकडचं. जिथं नुसती रेघ होती. दाराला पायऱ्या होत्या, आणि त्या फळीला टेकल्या होत्या. रिपोर्टात दुरुस्ती करायला हवी. दोन गुण परत.

पायऱ्यांपाशी फळीवर बारीक कण दिसले. फुंकर मारली. हलले नाहीत. भिंग लावलं.

चपला होत्या. कुणाच्याही घरी जाताना आपण काढतो तशा, ओळीनं. एक जोड करकरीत, नवा. एक प्लॅस्टिकचा, झिजलेला. तिसरा कातडी, डाव्या चपलेचा अंगठा तुटून तारेनं बांधलेला. ती तार गेल्या दिवाळीत मी माझ्या हातानं बांधली होती.

व्हर्निअर लावला. एक पूर्णांक दोन मिलिमीटर. एकास दोनशे, नेमकं.

आत्ता, हे लिहितोय तोवर, बाहेरून तिचा आवाज आला.

"अहो, उंबऱ्यापाशी काढलेल्या माझ्या चपला बघितल्या का?"

"कुत्र्यानं पळवल्या असतील," मी म्हणालो.

"मग आता काय अनवाणीच जाऊ म्हणतासा?"