उचललेलं पान

हातातला चिवडा आधी संपवा. केयूर, तो डबा झाक. थट्टा नाही करत; ही गोष्ट ऐकल्यावर तुमच्या घशाखाली काही उतरणार नाही, आणि उद्या तुमच्या आया मलाच विचारतील, बाळकाका, पोरांना काय सांगितलंत? गणपतीपाशी रात्रभर जागायचं काम मंडळाने तुम्हाला दिलंय, मला नव्हे. मला झोप येत नाही म्हणून बसलोय.

आपल्या मागच्या इमारतीतला अवधूत ठाऊक आहे ना? जिन्यात कागदाचा कपटा दिसला तरी नोटीस लावणारा? तोच. कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा. ते सोडलं आणि स्वतःची सात जणांची गाडी घेऊन सहली सुरू केल्या. दिवसाला एकच कुटुंब. सकाळी सहाला निघायचं, ज्वालामुखीतून घडलेले डोंगर दाखवायचे, धरणाच्या पाण्याकाठी जेवायचं आणि दिवेलागणीनंतर परत. माहिती सांगायचा मात्र अशी, की दगड कान देऊन ऐकेल.

पण माणूस कमालीचा किळसऱ्या. हॉटेलात चमचा आला की पाण्याने धुणार, रुमालाने पुसणार आणि मग नाकाला लावून बघणार. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण श्यामलावहिनींच्या ताटातली लोणच्याची फोड त्याने कधी उचलली नाही. सहलीला जाताना गाडीत हातमोजे, लांब चिमटा आणि काळ्या पिशव्या ठेवायचा. निघताना सगळा काठ वेचून काढायचा, आपला कचरा आणि दुसऱ्यांचाही. त्याचा त्याला फार अभिमान.

गेल्या वर्षी वीस सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, तो दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी केळीची पानं आणायला मंडईत गेला. तिथे ही गर्दी. अळू, गवार, लाल भोपळा, आमसुलं. पानवालीने विचारलं, "पितरांसाठी का?"

"नाही, पाहुण्यांसाठी," तो म्हणाला. "ते निदान बिल तरी देतात."

रविवार, एकवीस तारीख. सर्वपित्री अमावास्या. पाहुणे होते वाकडचे, मूळचे यवतमाळचे. आनंद आणि नम्रता, दोघं आयटीत, आणि त्यांची सहा वर्षांची ओवी. पोर गोड, पण खाण्याच्या नावाने बोंब. पोह्यांतले दाणे वेचायची आणि बाकीचं सोडून द्यायची. नम्रता दिवसभर मागे लागलेली, "एक घास, बापा, एकच."

कड्यापाशी अवधूतने नेहमीसारखं सांगितलं. हे आडवे थर दिसतात ना, ती एकेका वेळी वाहून आलेली आग आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.

"सर, म्हणजे हा ॲक्च्युअल लाव्हा?" आनंदने विचारलं.

"नाही, प्लास्टर ऑफ पॅरिस," अवधूत म्हणाला, आणि सगळे हसले. दिवस छान चालला होता.

दुपारी ते पाण्याकाठी आले. धरणाचं नाव मी सांगणार नाही. उद्याच स्कूटर काढाल. पाणी काठोकाठ भरलेलं, आणि त्या पाण्याखाली एक गाव आहे. काठाच्या सपाट कातळावर कुणीतरी पान मांडलं होतं. भात, वडे, अळूची भाजी, आणि प्लास्टिकच्या वाटीत खीर. जरा लांब एक म्हातारी बसली होती. यमुनाबाई तिचं नाव. अवधूत त्या पानाकडे वळला तशी ती उठून आली.

"सायेब, तेवढं ऱ्हाऊ द्या. कावळा शिवला न्हाई अजून. माझ्या सासूचं पान हाय."

"सासूबाईंना प्लास्टिकची वाटी लागते का?"

"खीर सांडती म्हून," म्हातारी सरळ म्हणाली. मग पाण्याकडे हात केला. "तितं खाली घर हाय आमचं. पानी वर चढलं तवा समदी निघाली, ही चुलीम्होरनं उठलीच न्हाई. भाकरी तव्यावर हाय, खाऊन येते म्हनली. उपाशीच ऱ्हायली. माजी जीप हाय साडेपाचला. कावळा शिवेस्तवर कुनाला हात लावू देऊ नगा. एवढं करताल का?"

"बरं," अवधूत म्हणाला. शब्द दिला हो त्याने.

खरं तर श्राद्धाच्या अन्नाची त्याला लहानपणापासून शिसारी. त्याचे वडील पेठेतल्या घरांतून श्राद्धाला जेवायला जायचे. घरी आले की अंगाला तुपाचा, खिरीचा वास. एकदा याने विचारलं, दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाचं तुम्ही का खाता? ते म्हणाले, "मेलेल्याला तोंड नसतं रे. आपण जेवत नाही, आपण फक्त तोंड देतो." त्या रात्री पोरगं भडाभडा ओकलं होतं.

सव्वासहा वाजले. ऊन गेलं. कावळे झाडांवर परतले, एकही खाली उतरला नाही. पानावर माशा बसल्या होत्या आणि खिरीवर जाड साय धरली होती. अवधूतने चहूकडे पाहिलं. म्हातारी गेलेली. हा उकिरडा असाच टाकून जायचं? रात्री कुत्री येतील, वाटी पाण्यात जाईल... त्याने हातमोजे चढवले, नाक मुरडत पान चारी बाजूंनी दुमडलं, वाटीसकट काळ्या पिशवीत घातलं, दोन गाठी मारल्या आणि पिशवी मागच्या आसनामागे ठेवून दिली. कातळावर बाटलीभर पाणीसुद्धा ओतलं. स्वच्छ.

सहा पन्नासला गाडी निघाली. आनंद पुढे, नम्रता मधे. ओवी दमली होती, ती मागच्या आसनावर एकटीच आडवी झाली.

पहिलं वळण गेलं आणि वास आला. नासक्या भाताचा. त्याच्याखाली दुसरा, गाळाचा, वर्षानुवर्षं बुडलेल्या लाकडाचा. अवधूतने काच खाली केली. वास गेला नाही.

मग आवाज. मचक... मचक...

"ओवी काही खातेय वाटतं," नम्रता हळूच म्हणाली. आवाज खुलला होता बिचारीचा. "काही म्हणू नका तिला. दिवसभरात पहिल्यांदा खातेय."

मचक... मचक... मचक...

एक मैल गेला. दोन. आवाज थांबेना. घास संपला, गिळला, असं काही होतच नव्हतं. अवधूतने आरशात पाहिलं. काळोखात पोरगी ताठ बसलेली दिसली. जबडा हलत होता.

"ओवी, काय खातेस गं?" आनंदने विचारलं.

मचक...

नम्रताने मोबाइलचा दिवा मागे वळवला. आणि किंचाळली.

अवधूतने गाडी कडेला घेतली. सात वाजून दहा मिनिटं. मागेपुढे एक दिवा नाही. त्याने मागचं दार उघडलं आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते.

ओवीच्या हनुवटीवरून पांढरट काळपट लगदा ओघळत होता. भात. पण फुगलेला, गाळात कालवलेला. शितांमधे बोटभर लांबीचं काहीतरी वळवळत होतं. दोन्ही मुठी भरलेल्या. पिशवीच्या गाठी मात्र तशाच होत्या. दोन्ही.

नम्रताने तिच्या तोंडात बोट घातलं आणि लगदा बाहेर ओढला. त्याच्याबरोबर एक केस आला. पांढरा. तिने ओढला. येतच राहिला... हातभर. दोन हात. ओला, चिकट. तो संपला तेव्हा तोंड पुन्हा भरलेलं होतं.

स्वराली, पाणी दे जरा.

पोट तट्ट फुगलं होतं पोरीचं. घास गिळला की श्वास अडकायचा. ओठ निळे पडायचे. कसाबसा श्वास यायचा, की पुढचा घास तयार.

"हॉस्पिटल! सर, गाडी काढा!" आनंद ओरडत होता.

हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. अवधूत ते मोजत होता. नको असताना मोजत होता.

तेवढ्यात ओवीने मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"वाढ की," ती म्हणाली.

यवतमाळची पोर. इंग्रजी शाळेतली. असं कधी बोलली नव्हती. आवाज तिचाच होता, तेच जास्त वाईट.

"वाढ की... भूक लागलीया..."

आणि पुन्हा श्वास अडकला. या वेळी तो परत येईना. नम्रता पाठीवर थापा मारत होती, रडत होती. अवधूतला कळलं होतं. कावळा शिवला नव्हता. पान त्याने उचलून आणलं, तर मालकीण पानामागे आली. तिला तोंड हवं होतं. गाडीत सगळ्यांत उपाशी तोंड या पोरीचं होतं.

त्याने पिशवी ओढली. गाठी सुटेनात, तेव्हा फाडली. दुपारीच मांडलेलं अन्न. त्याचा बुळबुळीत गोळा झाला होता. वड्यांना लव आली होती. खिरीत गोगलगाय. हातमोजे घालायला वेळ नव्हता.

"आजी," तो म्हणाला, "मी देतो तोंड. पोरीला सोडा. मी जेवतो."

आणि त्याने पहिला घास घेतला.

हा माणूस धुतलेला चमचा हुंगणारा. लक्षात आहे ना? तोंडात गाळ करकरला. काहीतरी जिवंत दाताखाली फुटलं. पोट उसळून वर आलं. त्याने तोंडावर हात दाबून ते परत गिळलं. सगळं.

ओवीचा जबडा थांबला.

दुसरा घास. ओवीने श्वास घेतला. लांब, घरघरता.

मग त्याने थांबायचं नाही असं ठरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रस्त्याच्या कडेला, मातीत मांडी घालून, तो खात होता. अळू. लव आलेले वडे. केस जिभेला गुंडाळत होते. खीर. तो थांबला की तिकडे जबडा हलायचा. म्हणून थांबला नाही. शेवटी पान चाटलं. वाटी चाटली. आनंद आणि नम्रता... बघत होती.

मग नम्रताने ओवीला उचलून बाहेर घेतलं.

गाडीतून ढेकर आली. लांब. भरल्या पोटाची. म्हाताऱ्या बाईची.

ओवी आईच्या कुशीत होती, गाडीबाहेर. गाडीत कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. चार दिवसांत पोरगी शाळेत गेली. अवधूत आठवडाभर ताकावर होता. पुढे त्याने सहली बंद केल्या. यमुनाबाईंना शोधून काढलं, पायावर डोकं ठेवलं. म्हातारी एवढंच म्हणाली, "जेवली ना? मंग झालं." त्यालाही वाटलं, झालं. वर्षभर दर रविवारी नम्रताला फोन करून विचारायचा, ओवी कशी आहे? छान आहे, सर. आता सगळं खाते. पोटभर खाते.

काल सकाळी नम्रताने त्याला एक फोटो पाठवला. तो मला दाखवायला वर आला. वाकडचा त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. दाराबाहेर ओवीच्या चपला. चपलांच्या मधोमध ओल्या गाळाचा एक ठिपका, आणि त्यावर एक सुपारी आणि चार अक्षता. खाली नम्रताने लिहिलं होतं, हे काय असतं, सर? तिला बिचारीला ठाऊक नाही. श्राद्धाला ज्याला जेवायला बोलवायचं, त्याला आधी सुपारी देऊन आवतण देतात.

पितृपक्ष येत्या पंधरवड्यात आहे.

अवधूतने मला सांगितलं, फोटो बघितल्याबरोबर तो आधी स्वतःच्या दाराकडे धावला, आवतण आपल्यालाही असेल, पोरीऐवजी आपण बसू, या आशेने. गुडघ्यांवर बसला. उंबऱ्यावर, पायपुसण्याखाली, फटींत, सगळीकडे हात फिरवला. पुन्हा फिरवला. रडत होता सांगताना.

तिथे काहीही नव्हतं.