काचशाळा सुरक्षित नाही

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण एकदा अख्खं विद्यापीठ हिरवळीवर ताटकळत उभं होतं – एका मुलीच्या ‘हो’साठी! इतका वेळ, की गणिताच्या सरांच्या टोपीत चिमणीने अंडी घातली.

तेव्हा खिशात फोन नव्हते. विद्यापीठाचा आवाज म्हणजे इमारतींवरचे कर्णे, आणि कर्ण्यांचा आवाज म्हणजे सूचनाताई. कुणाची छत्री सापडली, कुठला तास रद्द झाला, ती माईकवरून सांगायची. आग, वायुगळती झाली तर भोंगा वाजवायचा, तोही तिनेच. अधूनमधून सराव व्हायचा. नियम कडक – सगळ्यांनी बाहेर यायचं, प्रत्येक विभागाने दारातल्या फोनवरून तिला ‘सुरक्षित’ कळवायचं. शेवटचा ‘सुरक्षित’ येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

आणि दर वेळी एकच विभाग गप्प. टेकडीवरची काचशाळा. प्रयोगशाळांच्या नळ्या-चंबू तिथे एकटा फुंकरराव घडवायचा.

मग सूचनाताई पदर खोचून टेकडी चढायची. वर हा दाराबाहेर निवांत उभा!

“फोन का नाही केलात?”

“तोंडात फुंकणी होती.”

“बाहेर उभं राहून?”

“सवय…” तो हसायचा. तिला राग यायचा. उतरताना मात्र रागाऐवजी कोडंच सोबत यायचं. हा माणूस फोन का करत नाही? बहिरा नाही, आळशी नाही. आणि मी येते तेव्हा दर वेळी पाण्याचा पेला भरून कसा ठेवलेला असतो?

शेवटी कुलसचिव तडकले. “पुढच्या सरावात एकही विभाग राहिला, तर माईकवर दुसरं माणूस बसेल.” त्या माईकवर तिचा जीव होता.

तिने टेकडीवर निरोप धाडला – ‘या वेळी फोन आला नाही, तर माझी खुर्ची गेली.’

सरावाचा दिवस उजाडला. भोंगा झाला. ग्रंथालय सुरक्षित, गणित सुरक्षित, भोजनगृह सुरक्षित… आणि चक्क टेकडीचा फोन वाजला!

“काचशाळा, सुरक्षित आहात ना?”

“नाही.”

“काय झालं? भाजलं का?”

“‘सुरक्षित’ म्हटलं, की तुम्ही ‘आभारी आहे’ म्हणून फोन ठेवणार. नाही म्हटलं, की टेकडी चढून येणार. इतके दिवस म्हणूनच गप्प होतो.”

“अहो… पण माझी नोकरी?”

“ती राहायलाच हवी. म्हणून आज फोन केला. पण खोटं कसं सांगू? तुम्ही रोज इथे येणार असाल… कायमच्या… तर काचशाळा सुरक्षित.”

तेवढ्यात खिडकीबाहेर हजार माणसांना हसू फुटलं. माईक चालू राहिला होता – चुकून! फोन त्याला खेटूनच, त्यामुळे कर्ण्यांवरून दोघांचा शब्द न् शब्द हिरवळीवर पोचला होता. गणिताचे सर ओरडले, “अगं, हो म्हण बाई! पायाला मुंग्या आल्या!”

सूचनाताई लाजेने लालबुंद झाली. मग हळूच म्हणाली, “चढ फार आहे हो… पण येईन.”

“काचशाळा सुरक्षित!”

आणि त्या आनंदात टेकडीवरचे सगळे चंबू आपोआप वाजू लागले, टोपीतल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, कुलसचिवांनी स्वतः…

“खोटं!”

नातवंडांनी वळून पाहिलं. खिडकीशी मटार सोलत बसलेली आजी बोलली होती.

“चिमणीचं ना?” आजोबांनी कान पाडून विचारलं. “चंबूंचं?”

“ते राहू दे. माईक चुकून चालू राहिला म्हणे!” आजीने एक दाणा त्यांच्या अंगावर टिचकीने उडवला. “समोर लाल दिवा पेटलेला मला चांगला दिसत होता. उद्या फिरलात, तर साक्षीला विद्यापीठ नको?”