डाव्या हाताचं उत्तर

विश्वातल्या प्रत्येक अणूला एकच ध्यास असतो: आपली बाहेरची कक्षा पूर्ण व्हावी. त्यासाठी कुणी इलेक्ट्रॉन देतो, कुणी घेतो, कुणी वाटून घेतो. आणि या एका अपुरेपणातून मीठ होतं, पाणी होतं, माणूस होतो. साऱ्या मीलनांचं मूळ हेच. आमच्या जिल्ह्यातले विज्ञानाचे शिक्षक हे दरवर्षी आठवीच्या वर्गाला भारावून सांगतात. आठवीचा वर्ग त्या वेळी खिडकीतून रश्श्यातल्या शेवया विकणाऱ्याच्या गाडीकडे बघत असतो.

त्राम बाईही हे सांगत, आणि बऱ्या सांगत. पण त्यांची नोकरी कंत्राटी होती आणि कंत्राट मे महिन्यात संपत होतं. जिल्ह्याची उत्तम शिक्षक स्पर्धा जिंकली तर गावातल्या मोठ्या शाळेत कायमची जागा मिळणार होती. नाही जिंकली तर दूर दक्षिण टोकाच्या का माऊ प्रांतात, आईच्या कोळंबीच्या तळ्यांवर परत. आईने तिकडे एक कोळंबीवाला बघूनही ठेवला होता. त्याचे फोटो यायचे. प्रत्येक फोटोत त्याच्यापेक्षा कोळंबी ठळक असायची.

स्पर्धेत स्थानिक साहित्य वापरणाऱ्याला जादा गुण होते. शिवाय शाळेतल्या लिटमसच्या पट्ट्या इतक्या जुन्या झाल्या होत्या की कशातही बुडवल्या तरी मत देत नसत. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी, उजाडता उजाडता, त्राम बाई गोकर्णीची फुलं चोरायला फेरीबोटीच्या धक्क्यावर गेल्या. गोकर्णीचं निळं पाणी आम्लात गुलाबी होतं आणि आम्लारीत हिरवं. धक्क्याजवळ सहाव्या मावशींचं (आमच्याकडे नावाऐवजी जन्माच्या क्रमानेच हाक मारतात) कॉफीचं दुकान होतं आणि दुकानाचं अख्खं कुंपण गोकर्णीने निळं झालं होतं.

पावसाची भुरभुर चालली होती. बाई भराभर खुडत होत्या. एका फुलाला त्यांचा उजवा हात लागतो न लागतो तोच पलीकडून एक डावा हात आला आणि त्याच फुलावर थांबला.

"ही माझी बाजू आहे," कुंपणापलीकडून आवाज आला.

"चोरीतसुद्धा बाजू असते?"

"माझ्या असते. मी डावखुरा आहे."

मग वेल बाजूला झाली आणि त्यातून एक ओलं डोकं, चष्मा आणि फुलांनी अर्धं भरलेलं हेल्मेट बाहेर आलं. त्राम बाईंना हसू आलं. हसता येईल अशी परिस्थिती नव्हती, कारण त्याच वेळी मागून सहाव्या मावशी झाडू घेऊन आल्या.

"रसायनाचे शिक्षक ना?" मावशी म्हणाल्या. "दरवर्षी स्पर्धा आली की माझ्या कुंपणाला टक्कल पडतं. बसा आता. कॉफी घेतल्याशिवाय एकही फूल जायचं नाही. आणि नवराबायकोने मिळून चोऱ्या करायच्या म्हणजे कमाल आहे."

"आम्ही नवराबायको नाही," दोघंही म्हणाले.

"बरं. मग कॉफ्या दोन," मावशी म्हणाल्या.

तर अशी ओळख झाली. त्यांचं नाव लुआन. नदीतल्या बेटावर शाळा, शाळेत एक खोली आणि खोलीत लुआन सर. नोकरी कायमची होती, पण शेवटची बोट पाचला सुटायची आणि त्यानंतर बेटावर बोलायला बदकं उरायची. गावातल्या मोठ्या शाळेत बदली व्हावी म्हणून त्यांनी केलेल्या अर्जांवर एव्हाना कुठेतरी चहाचे पेले ठेवले जात असतील. त्यांनाही तीच स्पर्धा, तीच जागा हवी होती. स्पर्धेत शिकवायला दिलेला वर्गही तोच निघाला. सरांना दुसऱ्या तासाला 'आम्ल' शिकवायचं होतं, बाईंना तिसऱ्या तासाला 'आम्लारी'.

"म्हणजे तुम्ही आंबट करून जाणार," बाई म्हणाल्या, "आणि मी निस्तरायचं."

"पण मीठ दोघांचं होईल."

बाईंनी कॉफीतला बर्फ ढवळला. फुलं दोघांना पुरणार नव्हती. सरांनी हेल्मेट टेबलावर उपडं केलं, बाईंनी पिशवी. मग एक तुम्हाला, एक मला, असं न करता त्यांनी सरळ ढिगाच्या मधोमध चमचा ओढला.

"द्यायला काय, सगळी देता आली असती," सर म्हणाले. "पण मी त्या सोडियमसारखा नाही. इलेक्ट्रॉन देऊन मोकळं व्हायचं आणि मग जन्मभर क्लोरीनला चिकटून बसायचं. मला वाटून घेणं पटतं. सहसंयुज बंध. दोघांचं राहतं."

"सगळ्यांना असंच सांगता?"

"बेटावर बदकांना सांगतो. ती ऐकून घेतात."

बाईंच्या पांढऱ्या बाहीवर फुलाचा निळा डाग पडला होता. सरांनी मावशींच्या बशीतली लिंबाची फोड उचलली, डाव्या हाताने, आणि डागावर हलकेच पिळली. निळा डाग जांभळा झाला, मग गुलाबी. सरांचा हात क्षणभर तिथेच राहिला... मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो चष्म्याकडे नेला.

"डाग गेला नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. पण आता आम्लधर्मी आहे."

ज्या वर्गात स्पर्धेचा तास घ्यायचा त्या वर्गाशी आदल्या दिवशी ओळख करून घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. ओळख म्हणजे तालीम. दुपारी त्राम बाई वर्गावर गेल्या. धडा समजावून झाल्यावर त्यांनी मुलांना तेच सांगितलं जे त्यांच्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं आणि त्या बाईंना त्यांच्या सरांनी: प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. परीक्षकांना हातांचं जंगल दिसतं, शिक्षकाला त्यातली फळझाडं दिसतात. परीक्षकांनाही हे माहीत असतं. तेही कधीकाळी याच जंगलातून आलेले असतात.

बाईंनंतर तासाभराने लुआन सर त्याच वर्गावर गेले. त्यांनीही हात ठरवून दिले, फक्त उलटे. येत असेल तर डावा, येत नसेल तर उजवा. मुलांनी मान डोलावली. मुलं बाईंपुढेही डोलली होती. शाळा सुटताना वर्गाच्या मॉनिटरने, एका कडक पोरीने, निकाल दिला की दोन-दोन नियम कुणाच्याही लक्षात राहणार नाहीत, तेव्हा नंतरचा धरायचा. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी लुआन सरांचा तास लोण्यातून सुरी जावी तसा गेला. त्यांनी निळ्या पाण्यात व्हिनेगर टाकलं, पाणी गुलाबी झालं. गणवेशाच्या चाळीस लाल गळारुमालांमधून चाळीस हात वर आले आणि सरांनी ज्याला उठवलं त्याने पुस्तकातलं वाक्य स्वल्पविरामासकट म्हटलं. तीनही परीक्षक लिहीत होते.

मग त्राम बाई आल्या. अंगात जांभळा आओ यायी, म्हणजे आमच्या शिक्षिकांचा घोट्यापर्यंतचा अंगरखा. ज्यावर गोकर्णीचा डाग दिसणार नाही असा तेवढा एकच होता. सर नियमाप्रमाणे मागच्या बाकावर, परीक्षकांशेजारी बसले. आपला तास झाला की दुसऱ्याचा बघायचा, याला अनुभवांची देवाणघेवाण म्हणतात.

बाईंनी निळ्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली. पाणी हिरवं झालं. "असं का झालं असेल?" त्यांनी विचारलं. सगळे हात वर. बाईंनी उजवा हात निवडला. एक गोल मुलगा उठला, बराच वेळ पेल्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "त्यात पालक आहे."

बाईंनी दुसरा उजवा हात निवडला. सामू सातच्या वर गेला म्हणजे काय झालं?

"म्हणजे... तो वर गेला," मुलगी म्हणाली.

तिसऱ्या उजव्या हाताने साबण हा आम्ल असल्याचं सांगितलं, कारण तो डोळ्यांत गेला की झोंबतो. चौथा नुसताच उभा राहिला. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि परीक्षकांची पेनं त्याला साथ देत होती. त्राम बाईंच्या डोळ्यांपुढे का माऊची तळी आली. त्यात कोळंबी होती आणि काठावर तो कोळंबीवाला उभा होता.

मागच्या बाकावर लुआन सरांना घडलं ते कळलं. त्यांना हेही कळलं की नुसतं बसून राहिलं तर गावातली जागा त्यांचीच आहे. ते थोडा वेळ बसूनही राहिले; खोटं कशाला सांगा. मग त्यांनी डावा हात वर केला, सरळ, कोपरात न वाकवता, आठवीतल्या पोरासारखा.

शेजारच्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, स्पर्धकाला प्रश्न विचारता येत नाही."

"प्रश्न नाही," सर म्हणाले. "हात अवघडलाय."

त्यांनी तो खाली घेतला नाही. त्राम बाईंनी वर पाहिलं. हातांच्या जंगलापलीकडे तो एक हात दिसला, काल वेलीतून आला होता तोच. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग वर्गाकडे. "साबणाचं पुन्हा कोण सांगेल?" त्यांनी विचारलं आणि खिडकीजवळचा एक डावा हात उठवला.

"साबणाचं पाणी आम्लारिधर्मी असतं," मुलगा म्हणाला. "म्हणून त्याचा सामू सातपेक्षा जास्त असतो आणि गोकर्णीचं पाणी त्यात हिरवं होतं."

त्यानंतर बाईंनी एकही उजवा हात उठवला नाही.

निकाल आठवड्याने लागला. लुआन सरांच्या तासाबद्दल परीक्षकांनी म्हटलं होतं की विद्यार्थ्यांना सगळं आधीपासूनच येत होतं, त्यामुळे सरांनी शिकवलं काय ते समजलं नाही. त्राम बाईंच्या तासाबद्दल म्हटलं होतं की सुरुवातीला वर्गाला काहीही येत नव्हतं आणि तास संपेपर्यंत सगळं येऊ लागलं. डोळ्यांदेखत झालेली अशी प्रगती परीक्षकांनी आजवर पाहिली नव्हती. बाई पहिल्या. सर दुसरे, थर्मासचे मानकरी.

संध्याकाळी धक्क्यावर मावशींनी न विचारता दोन कॉफ्या आणल्या. कुंपणावर पुन्हा फुलं आली होती. थर्मास टेबलावर होता.

बाईंनी जाहीर केलं की त्या जाऊन खरं काय ते सांगणार आहेत.

"काय सांगणार?" सर म्हणाले. "हात ठरवलेले होते म्हणून? बाई, ते तिघं परीक्षक दचकतील, पण आश्चर्याने नाही, कुणी ते बोलून दाखवलं म्हणून."

"जागा तुमची होती."

"होती की. पण तुम्ही का माऊला गेलात तर मी नदी कशासाठी ओलांडायची? शेवया बेटावरही मिळतात."

बाई पेल्यात बघत म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात... सगळं देऊन टाकणाऱ्यातला मी नाही. मग हात का वर केलात?"

बोटीने पहिला भोंगा दिला.

"मी आठवीत असताना आमच्याही वर्गावर असा तास झाला होता. उजवा म्हणजे येतं, डावा म्हणजे येत नाही. मला येत होतं. पण हात... तो आपोआप डावाच जायचा. पूर्ण तास वर धरला. बाईंची नजर त्याच्यावरून जायची आणि पुढच्याला उठवायची." त्यांनी थर्मास जरा बाजूला सरकवला. "म्हणून मी माझ्या वर्गात उलटं ठेवलं. त्या दिवशीही तसा विचार वगैरे काही केला नाही. उत्तर येत होतं, हात वर गेला. फक्त या वेळी... कुणीतरी तो पाहिला."

"मी तो आधीच पाहिला होता," त्राम बाई म्हणाल्या. "कुंपणावर."

बोटीचा दुसरा भोंगा झाला. सर उठले, बसले आणि पुन्हा उठले. मावशी एकच टेबल कितीतरी वेळ पुसत होत्या.

"बेटावर गोकर्णी आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या कुंपणावर आहे. चोरायला कुणी येत नाही."

"रविवारी येते. उजवी बाजू मोकळी ठेवा."

सरांनी हेल्मेट घेतलं, थर्मास टेबलावरच राहिला आणि बोट त्यांनी चुकता चुकता पकडली. बाई धक्क्यावर उभ्या होत्या. बोट वळली तेव्हा कठड्याशी एक हात वर झाला. कोणता, ते सांगायला नको. बाईंनी आपला उजवा वर केला, थोडा विचार केला आणि बदलला.

पुढच्या नववर्षाच्या सणानंतर लग्न झालं. सहाव्या मावशींनी गोकर्णीच्या पाण्यात शिजवलेला निळा चिकट भात परातभर आणला आणि सगळ्यांना सांगितलं की ही दोघं आधीपासूनच नवराबायको होती, फक्त कबूल करत नव्हती. का माऊच्या त्या कोळंबीवाल्याने आहेर म्हणून कोळंबी पाठवली. ती फोटोपेक्षा लहान होती. बाई मोठ्या शाळेत कायम झाल्या आणि सर रोज सकाळी सातच्या बोटीने बेटावर जाऊन पाचच्या शेवटच्या बोटीने परत येऊ लागले.

डोळ्यांदेखत प्रगती झालेल्या त्या वर्गाला वार्षिक परीक्षेत साबणाच्या पाण्याचा सामू विचारला होता. निम्म्या वर्गाने तो सातपेक्षा कमी लिहिला.