निळ्या चोचीचा हंस

बस इथे, अशी जवळ. कंदिलाची काच जरा काजळलीय, पण दोघींपुरता उजेड पडतो. वीज येईल तेव्हा येईल, तिच्या नावानं खडे फोडून काय उपयोग? भिंगरी झोपली ना? दिवेलागणीलाच पेंगुळली बिचारी, प्रवासानं दमली. पांघरूण खोचलंस? छान. तेवढ्या पांघरुणासाठी अंधारात जिना उतरून गाडीपर्यंत गेलीस. मी म्हटलं होतं माझं घे, पण छे, पोरीला तिचंच लागतं. आईवर गेलीय. तूही अशीच होतीस. एकदा हट्टाला पेटलीस की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाहीस.

तर वर येता येता तू मला दोन गोष्टी विचारल्यास. एक, उद्या पार्कमध्ये भिंगरीला कशाकशात बसवू. आणि दुसरी, हसत हसत, "मावशी, गाडीत ती बाहुली कशाला ठेवलीस गं?" दुसरीचं उत्तर शेवटी देईन. आधी पहिली. घाई करू नकोस, या वयात मला सगळं ओळीनं सांगावं लागतं.

घोड्यांच्या चक्रात बसव, पण आतल्या घोड्यावर. बाहेरचा दिसायला ऐटबाज, पण तोच जास्त वेगानं जातो. छोटी आगगाडी चालेल. बोगदा असेल तर तिला आधी सांग की आता अंधार येणार आणि लगेच जाणार. मुलांना अंधाराची भीती नसते गं, न सांगता आलेल्या अंधाराची असते. फिरत्या कपबश्या जेवणानंतर नकोत, नाहीतर सगळं तुझ्या अंगावर येईल. आरशांच्या घरात तर मुळीच नेऊ नकोस. चार वर्षांच्या मुलाला एक आई पुरते, दहा दिसल्या की ते भेदरतं. आणि दारावरच्या उंचीच्या फळीवर विसंबू नकोस. उंची भरली म्हणजे मूल तयार झालं असं नाही. हात बघायचे. पाळणा सुटताना जे मूल स्वतःहून दांडा धरतं, ते तयार. ज्याचे हात मांडीवरच राहतात, त्याला उतरवून घ्यायचं, मग मागचे लोक कितीही कुरकुरू देत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ओरडणाऱ्या मुलाची काळजी करायची नाही. ओरडतंय म्हणजे मजेत आहे, निदान श्वास तरी घेतंय. गप्प झालं की थांबवायचं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकले ते हे. आणि ज्या दिवशी ते मला पुरतं कळलं, त्या दिवशी ठकू होती. तीच ती बाहुली. हसू नकोस, ऐक.

मी त्या तलावाकाठच्या पार्कमध्ये होते, हे तुला ठाऊकच आहे. कुठला पाळणा किती लहान मुलाला झेपेल, हे ठरवायचं माझं काम. लोक म्हणायचे, "मज्जा आहे बुवा तुमची, झोके घ्यायचा पगार मिळतो!" मी म्हणायचे, या एकदा, सकाळी उपाशीपोटी कपबशीत बसून दाखवा, मग बोला. पण मी पडले मोठी बाई. माझ्या अंगाला जे कळत नाही, ते लहान मुलाला लागतं. म्हणून मी ठकू शिवली. गादीचं जाड कापड, आत वाळू, वजन चार वर्षांच्या मुलाएवढं. मान मुद्दाम सैल ठेवली. डोळे काढायला सुईत दोरा ओवला, तर मिस्त्री म्हणाला, "तोंड नका काढू बाई. तोंड असलं की माणसं तोंडाकडे बघतात, पट्ट्याकडे कोणी बघत नाही." हा मिस्त्री पाळण्यांची देखभाल करायचा. तोंडाचा फटकळ, पण हाताचा पक्का. तेव्हा ठकू राहिली ती बिनतोंडाचीच.

आमचा एक रिवाज होता. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाळण्यात आधी ठकू बसायची, मग आमच्या घरांतली मुलं, आणि दुसऱ्या दिवशी बाहेरच्यांची. मिस्त्री म्हणायचा, "आपल्या घरचं मूल बसवायची छाती असेल तरच फाटक उघडायचं." मला मूलबाळ नाही. माझ्या घरचं मूल म्हणजे तू. भिंगरीएवढीच होतीस तेव्हा. तुझी आई तुला सोडायला तयारच नव्हती. शेवटी तुझा हात माझ्या हातात देताना म्हणाली, "ताई, तुझ्या भरवशावर देतेय हं." मी म्हटलं, अगं, माझ्या जिवापलीकडे जपेन.

त्या वर्षी नवे हंस आले होते. पांढरे, एकेका मुलापुरते. लोखंडी हातांवर गोल फिरत वर जायचे, खाली यायचे. सगळ्यांच्या चोची पिवळ्या आणि एकाचीच निळी. पिवळा रंग संपला होता, बाकी काही नाही. पण मुलांना काय, जे एकच असतं तेच हवं. सकाळी ठकूला पाळीपाळीनं प्रत्येक हंसात बसवून फिरवलं. पट्टा घट्ट, दांडा घट्ट, मानेला हिसका नाही. मी होकार दिला. मिस्त्रीनं तिला कोठीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली.

दुपार कलली तसं तलावावरून धुकं चढायला लागलं. तू गर्दीतलं पार्क बघितलंयस, रिकामं नाही. रिकाम्या पार्कमध्ये साखळ्या वाजतात, ताडपत्री फडफडते, कुठलातरी झोका आपला आपणच करकरत असतो. त्या दिवशी धुकं आलं आणि तेही बंद झालं. नुसता ग्रीसचा आणि ओल्या रंगाचा वास. आमच्या लोकांची मुलं रांगेत उभी राहिली, आणि तू माझा हात सोडून धावलीस ती थेट निळ्या चोचीकडे.

ठकू तिथे बसली होती. पट्टा लावलेला, दांडा खाली ओढलेला. बिनतोंडाचं डोकं किंचित आपल्याकडे वळलेलं.

मला आधी संतापच आला. "मिस्त्री, ही काय थट्टा? लहान मुलं आहेत इथे!"

मिस्त्री आला, त्यानं बघितलं, आणि त्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. "बाई... मी कुलूप लावलंय."

"मग काय उडत आली ही?"

एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, त्यानं निमूटपणे ठकूला खांद्यावर टाकलं आणि धुक्यात गेला. कोठीचं दार लागलं. कुलूप खटकन बसलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

तोवर मी बाकीच्या मुलांना बसवून घेतलं. मग तुला उचललं, वळले... आणि ठकू पुन्हा निळ्या चोचीच्या हंसात.

मिस्त्री अजून कोठीकडून परत येत होता. त्याचे रिकामे हात मला दिसत होते. दिवसभर चिवचिवणारी तू, माझ्या कानाशी आलीस आणि अगदी हळू म्हणालीस, "मावशी... ती उठणार नाही."

"का गं?"

"तिला माहितीय..."

"काय माहितीय?"

गप्प झालीस. तुझे हात बघितले, तर दांड्याकडे जायचे सोडून माझ्या गळ्याभोवती आवळलेले.

पण मीही तुझीच मावशी. म्हटलं, बाहुलीला काय भ्यायचं, आपल्या हातानं शिवलेली! तुला कडेवर घेतलं आणि एका हातानं पट्टा सोडायला गेले. कडी हलेना. काखेत हात घालून ओढलं, तर मोठ्या बाईला उचलावं तसं वजन. आणि ऊब. वाळू उन्हानं तापते तशी नाही, ऊन होतंच कुठे? माणसाच्या अंगाला असते तशी. मी हात झटकन मागे घेतला.

पार्कचे साहेब पाळणे चालू-बंद करायच्या खोलीतून ओरडले, "अहो, बसू दे की बाहुलीला! मुलीला दुसरीकडे बसवा, अंधारून येतंय!" दुसरीकडे बसायला तू तयार नव्हतीस, आणि खरं सांगू, बसवायला मीही नव्हते. म्हटलं, करा चालू. मी तुला घेऊन कठड्याशी उभी राहिले.

हंस फिरायला लागले, वर गेले. धुक्यात नुसती त्यांची पांढरी पोटं दिसत होती. मुलं ओरडत होती, मस्त ओरडत होती. मग एक आवाज आला. मोठा नाही, वाळलेली फांदी मोडावी एवढाच. आणि निळ्या चोचीचा हंस धुक्यातून सरळ खाली आला आणि फरशीवर आपटला.

बाकी सगळी मुलं सुखरूप उतरली. एकाला खरचटलंसुद्धा नाही. त्या एका हंसाच्या सांध्यातल्या खिळीला आतून चीर होती, नव्या रंगाखाली. कोणाच्या बापाला दिसली नसती. मिस्त्री तिथेच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "बाई, सकाळी ही त्या हंसात बसून आली होती. आपल्याला दिसलं नाही... तिला लागलं असणार."

ठकूची मान उसवली होती. वाळू फरशीभर सांडली होती. मी गुडघ्यावर बसून ओंजळीनं ती गोळा केली, कणन् कण. तिला घरी आणलं, शिवलं. घरात तेव्हा लाल दोराच होता, म्हणून मानेभोवती ते लाल टाके. पार्कमध्ये दुसरी बाहुली आणली. हिला मी परत कामाला पाठवलं नाही, त्या कोपऱ्यातल्या कपाटात कुलपात ठेवली.

तुझी आई दुसऱ्या दिवशी आली. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. तिनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. ठकूला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ नुसती थोपटत बसली. नंतर तो विषय तिनं कधी काढला नाही, पण दर वर्षी एक नवा फ्रॉक यायचा, तुझ्या आईच्या हातचा. तू हसायचीस, मावशीला वेड लागलंय, बाहुलीला नटवते. ते फ्रॉक तुझ्या आईचे होते गं. ती गेली तोवर येत होते. त्यानंतरचे मी शिवते, मला काही तिच्यासारखे जमत नाहीत.

मी देवभोळी नाही, तुला ठाऊक आहे. पण रोज दिवा मालवताना त्या कपाटाच्या दारावर हात ठेवते आणि म्हणते, बाई, तुझे उपकार. तू शाळेत पहिली आलीस, तेव्हा म्हटलं. तुझं लग्न झालं, तेव्हा म्हटलं. आज भिंगरी जिन्यातूनच "मावशीआजी" म्हणून ओरडत आली ना, तेव्हाही मनातल्या मनात म्हटलं. हे सगळं मला मिळालंय ते कोणामुळे, ते मी विसरलेले नाही. कोण आहे ती, कुठून आली त्या वाळूत, मला माहीत नाही. विचारायचं धाडसही नाही.

आता तुझी दुसरी गोष्ट.

गाडीत बाहुली मी ठेवली नाही. ते बघ कपाट, कुलूप जसंच्या तसं आहे. आणि किल्ली ही इथे, माझ्या गळ्यात.

घाबरू नकोस. म्हणूनच तर सगळं सांगितलं. उद्या पार्कला जायचं तर बसनं जा. गाडी जागची हलवायची नाही. सकाळी मेकॅनिकला बोलावू. त्याला काही सापडलं तर ठीक, नाही सापडलं तरी भिंगरीला त्या गाडीत बसवायचं नाही. तिच्या सीटवर ठकू बसलीय म्हणजे...

काय? हळू बोल, पोर उठेल.

तिच्या सीटवर नाही? मग?

तुझ्या?... स्टिअरिंगच्या मागे? पट्टा लावून?

अगं माझ्या पोरी. ये, इकडे ये. आणि मी मेली भिंगरीचीच काळजी करत बसले. तिच्या लेखी चार वर्षांची अजून तूच आहेस गं.

रड, रड हवं तर. गप्प बसण्यापेक्षा बरं. पण तिला भिऊ नकोस. भ्यायचं ते तिला नाही, ती ज्यात बसते त्याला. आणि तिला काढायला खाली जायचं नाही, कळलं? निघायची नाही ती.

चल, खिडकीशी उभी राहा माझ्याबरोबर. दिवा नको, चांदणं आहे. ती बघ तुझी गाडी. बाहेर धुकं नाही, दव नाही. मागच्या काचा कशा लख्ख आहेत. फक्त तुझ्या बाजूची...

हो. मलाही दिसतंय. आतून वाफ धरलीय. संध्याकाळपासून कोणीतरी बसून श्वास घेतंय, तसं.

आणि आता ती बघ... पुसली जातेय. आतून.

हात जोड, पोरी.