नकाशावरचा पूल

शनिवारी दुपारी नकाशा कार्यालय बंद व्हायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात तो आत आला, टेबलावर एक चुरगळलेला नकाशा पसरला आणि म्हणाला, "यातला हा पूल मला दाखवा. दाखवलात तर पाय धरीन तुमचे."

तिने वाकून पाहिलं. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाचा तो नकाशा तिच्याच हातचा होता. ओढ्यावरचा लाकडी पूल केव्हाच वाहून गेला होता. तसं कळवणारं पत्र तिच्याकडे आलंही होतं… आणि ती पूल खोडायला विसरली होती.

"गेल्या वर्षी आईला घेऊन गेलो," तो सांगू लागला. "वरचं तळं बघायचं तिच्या फार मनात होतं. पुलाच्या जागी नुसतं पाणी. ओलांडताना घसरली, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आता बरी आहे, तर यंदा पुन्हा जायचं म्हणते. पण हा नकाशा काढणाऱ्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायचंय… भूल न देता."

"खुर्चीत?"

"दातांचा डॉक्टर आहे मी." तो हसला. त्याचाच एक दात किंचित वाकडा होता, आणि तो तिला नको त्या वेळी आवडून गेला. "कुणी काढलाय हो हा?"

'मी' एवढं एकच अक्षर पुरलं असतं.

"आधी एक… आप्पा होते इथे. निवृत्त झाले ते."

बोलून गेली आणि तिचे कान तापले. पेन्सिल कशी धरायची इथपासून ज्यांनी तिला शिकवलं, त्या आप्पांच्या नावावर तिने खुशाल बिल फाडलं होतं.

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. चार दिवसांची सहल, माणसं दोन. त्याला एवढी काय आखणी लागते? पण तिने जीव ओतला. कुठला चढ सकाळी सावलीत असतो, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, मुक्कामाच्या कुठल्या खोलीत बाक आहे, सगळं मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं. लिहिताना त्याची कोपरं टेबलावर जवळ येत. औषधी लवंगेचा मंद वास येई.

"तुमच्या शंका संपत नाहीत," ती म्हणे.

"संपत आल्यात. म्हणून आठवडाभर बसून नव्या काढतो."

ती हसे. मग तो म्हणे, "तुमच्या त्या निवृत्त महाशयांना असं जमलं असतं तर…" आणि ती त्यावरही हसे. घरी जाऊन त्या हसण्याची तिला इतकी लाज वाटे, की जेवताना स्वतःच्या आईच्या नजरेला नजर देववत नसे.

सातव्या शनिवारी आप्पाच दारात उभे. निवृत्त झाल्यापासून महिन्या-दोन महिन्यांनी ते चहाला डोकावत.

"आप्पा, आज… आज कसे?" ती म्हणाली.

डॉक्टर वळला. "आप्पा म्हणजे तुम्हीच का? हा नकाशा काढणारे?"

आप्पांनी चष्मा सारखा केला आणि नकाशा उचलला. आपण काढलेली रेघ कुठली आणि कुठली नाही, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग नकाशा जपून खाली ठेवला.

"हो, माझंच चुकलं," ते म्हणाले. "काय त्रास झाला तुम्हाला?"

डॉक्टर पडेल आवाजात मनगटाचं सांगू लागला. त्या म्हाताऱ्या माणसाने त्याच्यासमोर हात जोडले. ते जोडलेले हात बघून तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आप्पा, नका," ती म्हणाली. "नकाशा माझा आहे. चूक माझी आहे. यांचं नाव मीच सांगितलं."

डॉक्टर हळूच म्हणाला, "सात शनिवार?"

"पहिल्या दिवशी घाबरले. नंतर तुम्ही आवडायला लागलात… मग जास्तच घाबरले."

तो निघून गेला. आखणीचे सगळे कागद टेबलावरच राहिले.

आप्पा चहा न घेता उठले. "माझ्या नावाला आता कोण विचारतंय, पोरी," ते म्हणाले. "पण मला आधी सांगितलं असतंस, तर बरं वाटलं असतं."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी तिने कागद पिशवीत घातले आणि त्याचा दवाखाना गाठला. बाहेरच्या टेबलावर त्याची आईच रुग्णांची नावं लिहून घेत होती. तिने त्यांना एका दमात सगळं सांगितलं आणि मान खाली घालून माफी मागितली.

"अगं, पूल नाही हे तर समोर दिसतच होतं," आई म्हणाली. "परत फिरायचं होतं. आम्ही फिरलो नाही. याने सांगितलं नाही तुला?"

आतलं दार उघडं होतं. तो हातमोजे काढत उंबऱ्याशी आला. त्याचाही चेहरा उतरलेला होता.

"गुडघाभरच पाणी आहे, असं मीच म्हणालो," तो म्हणाला. "तिचा हात धरला होता मी… फोटो काढायला सोडला. वर्षभर नकाशाला शिव्या देत होतो. तुम्ही त्या दिवशी दोघांसमोर कबूल केलंत, आणि मला तेवढंही जमलं नव्हतं. कुठल्या तोंडाने येणार होतो?"

आईने पिशवीतले कागद ओढून घेतले, मुक्कामाचा अर्ज वर काढला आणि लेकापुढे सरकवला. "तिसरं नाव घाल. रस्ता माहीत असणारं कुणीतरी हवं बरोबर. येशील ना गं?"

"येईन," ती म्हणाली. आपण किती पटकन बोललो, हे तिला नंतर जाणवलं.

तो लिहू लागला. नाव झालं, वय झालं. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"इथे नातं विचारलंय," तो कागदाकडे बघतच म्हणाला. "मैत्रीण… लिहू?"

तिने मान वर केली. इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच ती त्याच्या डोळ्यांत सरळ बघत होती.

"लिहा," ती म्हणाली. "आत्तापुरतं."